गळाच्या दोरीवरचा रोवणा

योगराजने विळ्याने पार्सलची चिकटपट्टी कापली आणि आतला मासे धरायचा रॉड ओढला, तर अर्धाच बाहेर आला. उरलेला अर्धा खोक्यातच राहिला. दोन तुकडे जिथे एकमेकांत बसतात तिथे कुणीतरी आधीच कशाने तरी चिकटवून ठेवलं होतं आणि ते वाटेत सुटलं होतं. मोबाइलवरच्या फोटोत हाच रॉड एका तळ्याकाठी मोठ्या ऐटीत उभा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘फक्त दोनदा वापरलेला’. कशासाठी वापरला ते मात्र लिहिलं नव्हतं.

त्याची आई शांतीबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून त्या दोन तुकड्यांकडे पाहिलं.

"याने मासे धरतेत?"

"धरनार होते," योगराज म्हणाला.

रीळही तसंच निघालं. हँडल फिरवलं की दोरी गुंडाळली जायची, पण सोडायला गेलं की ते हट्टी बैलासारखं अडून बसायचं. गळ गंजलेले होते. एका डबीत पाण्यावर तरंगणारे लाल-पिवळे गोळे होते, त्यातले बरेच चिरलेले. धड काय निघालं तर फक्त दोरी. बारीक, विणलेली, हिरवी, आणि कितीही ओढली तरी न तुटणारी. विकणारा रायपूरचा होता. पहिल्या फोनला तो ‘गाडी चला रहा हूँ भैया’ म्हणाला आणि त्यानंतर बहुधा गाडीच चालवत राहिला, कारण फोन त्याने पुन्हा उचलला नाही. हे पार्सल आणायला योगराज सडक अर्जुनीपर्यंत जाऊन आला होता.

खरं म्हणजे घर कोहळी समाजाचं. या भागातले तलाव बांधले ते यांच्याच पूर्वजांनी, पण त्यातले मासे धरायचे ते मासेमार ढिवरांनी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. योगराजला मासे धरता येत नव्हते आणि त्याला त्यांची फारशी हौसही नव्हती. त्याला घराबाहेर बसायला एक कारण हवं होतं. म्हणून त्याने ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीतल्या मंगरूला रीतसर विचारलंही होतं, आणि मंगरूने हसत हसत सांगितलं होतं की गळ खुशाल टाक, जाळं तेवढं टाकू नको.

घरात बसलं की बाप दिसायचा आणि बाप बोलायचा नाही. नागपूरच्या गोडाऊनमधलं काम सुटून योगराज होळीला घरी आला, तेव्हापासून यादोराव त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण झालं असतं तर एकवेळ बरं, भांडण मिटवता तरी येतं. इथे नुसती शांतता होती. पोरगा समोर जेवायला बसलेला असला तरी यादोराव बायकोला म्हणायचे, त्याले सांग, खताची थैली आनाची हाये. शांतीबाई वरण वाढता वाढता तो निरोप ताटापलीकडे पोचवायची. आणि गावात कुणी विचारलं की पोरगा काय करतो, तर यादोरावांचं उत्तर ठरलेलं होतं.

"काही नाही. रिकामा हाये."

योगराजने ते चार लोकांत ऐकलं होतं. ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी त्याने दिवसभर धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, फुटलेली बाजू बांधून काढली होती, तरी तो रिकामाच. काम म्हणजे पगार आणि पगार म्हणजे नागपूर, यापलीकडे यादोरावांची समजूत जात नव्हती. त्या शब्दाने योगराजला जेवढं लागलं तेवढं नोकरी गेल्याने लागलं नव्हतं.

नागपूरचा सुपरवायझर म्हणाला होता की नवं गोडाऊन सुरू झालं की फोन करतो. योगराजला जायचं नव्हतं. त्याला घरचं वावर कसायचं होतं, आणि हे त्याने आईला एकदा चुलीपाशी बसून सांगितलंही.

"बाबानं एकदा रहा म्हटलं ना, त मी नाही जात."

घरातले सगळे निरोप पोचवणाऱ्या शांतीबाईने हा एक मात्र पोचवला नाही. हे तुझं तूच सांग, म्हणाली. योगराजने सांगितलं नाही.

रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस आले. मागच्या वर्षी यादोरावांनी नवेगाव बांधच्या बाजूला ओळीत रोवलेला धान पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात भरला होता. ओळी सरळ असल्या तर मधून निंदणीचं यंत्र फिरतं. त्यांनी घरी येऊन सुतळी ताणली. सुतळीने पाणी पिऊन घेतलं, जड झाली, मधोमध लोंबली आणि चिखलात बुडाली. दुपारपर्यंत रोवणाऱ्या बायका कंटाळल्या आणि नेहमीसारखं मन मानेल तसं रोवू लागल्या. पुढे पानठेल्यावर लोक त्यांना विचारायचे, वाकडं रोवायची ही नवी पद्धत कोणती हो? यादोरावांनी त्यानंतर ओळीचं नाव काढलं नाही. योगराजला हे सगळं आईने फोनवर सांगितलं होतं, तेव्हा तो नागपुरात खूप हसला होता. आता त्याला बापाची दया आली.

रोवणा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो ती हिरवी दोरी घेऊन बांधीत, धानाच्या खाचरात, गेला. चिखल झालेला होता, वर पाणी होतं. रॉडचा जाड तुकडा त्याने धुऱ्यात रोवला आणि रीळ वेगळं करून दोरी मोकळी केली. न चिरलेले गोळे निवडून अंतराअंतरावर बांधले, मधे मधे खुणेला लाल धाग्याच्या गाठी मारल्या. समोरच्या धुऱ्यावर बांबूचा खुंटा ठोकून दोरीचं टोक त्याला बांधलं. मग रीळ परत बसवून हँडल फिरवलं. दोरी ताणली गेली आणि रीळ अडून बसलं. ते सोडतच नव्हतं. माशांच्या कामाला नालायक ठरलेली ती वस्तू धुऱ्यावर एकदम शहाण्यासारखी वागायला लागली होती. गोळ्यांमुळे दोरी पाण्यावर सरळ रेषेत दिसत राहिली.

सकाळी बायका आल्या. त्यांची पुढारी शकुंतलाबाई, तिने धुऱ्यावरचा रॉड पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"काऊन रे योगराज, बांधीत मासे धरून राहिला का?"

बायका हसल्या, पण वाकल्या आणि गाठीगाठीला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोचत गेल्या. पहिली ओळ सरळ आली. अडचण दुसऱ्या ओळीला सुरू झाली. ओळ संपली की दोन्हीकडची टोकं वीतभर मागे घ्यावी लागायची आणि योगराज एकटा होता. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर तो धावायचा, तोवर बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या. असं चाललं तर दुपारी पुन्हा मागच्या वर्षीसारखंच होणार हे शकुंतलाबाईने स्पष्ट सांगून टाकलं.

यादोराव डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन आले. भारा खाली टाकला. झालेल्या ओळींकडे ते बराच वेळ बघत उभे राहिले, एक डोळा बारीक करून पुन्हा पाहिलं. मग समोरच्या धुऱ्यावर गेले, बांबूचा खुंटा उपटला, खांद्यावरचा शेला हाताला गुंडाळला, कारण दोरी हात कापेल इतकी बारीक होती, आणि तो खुंटा स्वतः धरून बसले.

शांतीबाई बांधीच्या मधोमध, कोपरापर्यंत चिखलात होती.

"त्याले सांग, दोरी ढिली हाये," यादोराव तिला म्हणाले.

शांतीबाई वाकलेलीच राहिली. "दोरीचं एक टोक तुमच्याजवळ हाये, दुसरं त्याच्याजवळ. मले कायले मधात घेता?"

यादोरावांनी दोरीला एक हिसका दिला. योगराजने हँडल फिरवलं, दोरी ताणली गेली. ओळ झाली की पुन्हा एक हिसका यायचा, तो मागे सरकायचा, तिकडे यादोराव सरकायचे. थोड्या वेळाने हिसका यायच्या आधीच त्याला कळायला लागलं. दोघांच्या मधे हिरव्यागार सरळ ओळी वाढत गेल्या. योगराजला इतकं बरं वाटत होतं की पायात रुतलेला काटासुद्धा काढायला त्याला थांबावंसं वाटेना.

दुपारी फोन वाजला. योगराजचा शर्ट यादोरावांच्या बाजूच्या पळसाच्या झुडपावर टांगलेला होता, फोन त्याच्या खिशात. वाजून वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला. शांतीबाईने कंबर सरळ केली. कुणाचा असेल ते तिला कळलं, योगराजलाही कळलं. त्याला हाक मारून म्हणता आलं असतं, राहू द्या, मी येतो. तो रिळाचं हँडल धरून तिथेच उभा राहिला.

यादोरावांनी खुंटा खाली ठेवला. दोरी पाण्यावर सैल पडली. शेल्याला हात पुसून त्यांनी फोन काढला, लांब धरून नाव वाचलं आणि कानाला लावला. नागपूर लांब आहे म्हणून फोनवर ते नेहमीच ओरडून बोलायचे.

"हो, त्याचाच बाप बोलून राहिलो."

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. बायका हातात पऱ्हे घेऊन उभ्या होत्या.

"तो कामावर हाये," यादोराव म्हणाले.

पुन्हा पलीकडून काहीतरी विचारणं झालं.

"कोनत्या कंपनीत म्हंजे? वावरात. रोवना चालू हाये आमचा." मग जरा थांबून, "नाही, सोमवारी नाही जमत. त्याले सुटी नाही."

त्यांनी फोन बंद केला, शर्टाच्या खिशात ठेवला. शांतीबाई पुन्हा खाली वाकली आणि तिने उगाचच एका ठिकाणी दोनदा पऱ्हा खोचला.

यादोरावांनी खुंटा उचलला. दोरीला हिसका आला. योगराजच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, तो तसाच उभा राहिला. दुसरा हिसका आला, चांगला जोराचा. त्याने मनगटाने डोळे पुसले, रॉड उपटला, वीतभर मागे रोवला आणि हँडल फिरवलं.