पावसाचा नियम आणि नलूचा नियम

दारव्ह्याच्या विहारात दीपाताई संध्याकाळी पोलीस भरतीचा वर्ग घ्यायच्या. तोही फुकट, आणि कुणावर न खेकसता. साधनाला या बाईचं भारी कौतुक. पण नुसत्या कौतुकानं पेपर सुटत नाहीत. मैदानी चाचणीत साधनाचा हात धरणारं कुणी नव्हतं, लेखीत मात्र दरवेळी दांडी गुल. वयाच्या अटीप्रमाणे आता ही शेवटची संधी होती.

घोडं पेंड खायचं ते ‘जर-तर’च्या प्रश्नांत. ‘इंद्रजित आला तर धम्मरत्न येतो. धम्मरत्न आला आहे. मग इंद्रजित आला का?’ साधना ठोकून द्यायची, ‘आला.’ ताईंनी फळ्यावर बाण काढून काढून समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी एखादी वैतागली असती. ताईंनी फळा पुसला आणि शांतपणे विचारलं, “तुले असं काहून वाटते?”

“त्याच्याबिगर तो कायले येईन, ताई? मी अन् नलू वेचणीले तशाच जातो. ती आली त मी, मी आली त ती. एक नाही, त दुसरीही घरीच.”

नलू तिची धाकटी शेजारीण. दोघींची कापूस वेचायची जोडी होती, आणि त्यांच्या वस्तीत जोडी म्हणजे दिलेला शब्द. एकटी बाई वावरात जातच नसे. साधना जन्मभर हेच ‘तर’ जगत आली होती.

ताईंचा चेहरा चक्क खुलला. “अवं, तू नलूचा नियम सगळ्याईले लावून राह्यली. तो दोन्हीकडून चालते. सगळे नियम तसे नसतात. आता सांग, पाऊस आला तर वेचणी?”

“बंद.”

“मांगच्या हप्त्यात वेचणी बंद होती. पाऊस होता?”

साधनानं आठवून पाहिलं. मागच्या आठवड्यात आभाळ कोरडं ठणठणीत होतं. वेचणी बंद होती ती गावात मयत झाली म्हणून. कापसाच्या त्या वाईट वर्षांत अशा मयती फार, आणि बहुतेक तरण्याताठ्या माणसांच्या.

“नव्हता,” ती हळूच म्हणाली. “पाऊस आला त बंद. पण बंद म्हंजे पाऊसच, असं नाही.”

“अन् वेचणी चालू असंन त?”

“मंग पाऊस नाही. हे पक्कं.”

आपल्या चुकीतूनच वाट काढून देणारी ही बाई आपली गुरू आहे, या अभिमानानं साधनाचे डोळे भरून आले.

परीक्षेत तसाच प्रश्न आला. साधनानं पेन थांबवलं. हा पावसाचा की नलूचा? पावसाचाच निघाला. तिनं ‘निश्चित सांगता येत नाही’ यावर खूण केली.

निवड झाली. पण त्या आनंदात एक काटा सलत होता. आता नलूची जोडी मोडणार. नलूनं बातमी ऐकली, “बरं झालं” म्हणाली आणि रिकामा गुंड कमरेवर घेऊन पाण्याला निघून गेली. तिच्यामागं जायचा साधनाला धीर झाला नाही.

संध्याकाळी ती पेढे घेऊन विहारात गेली. ताई फळ्यावर लिहीत होत्या, ‘पाऊस आला तर वेचणी बंद.’ आणि समोर सतरंजीवर, बारावीनंतर पुस्तक न उघडलेली नलू मांडी घालून बसली होती.

“तू इथं?”

“मंग? तू गेली त मी बी जातो,” नलू म्हणाली आणि पेढ्यासाठी हात पुढं केला.