सुरमईचं उदाहरण

‘मागनी’... ण-च्या जागी न. तिसऱ्या ट्युटोरिअलमध्येही तेच, चौथ्यातही तेच. आणि लाल पेनाचं टोक त्या न-वर टेकवून वसुधा स्टाफरूममध्ये नुसतीच बसून राहिली. मुलुंडच्या या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागून तिला दोन वर्षं झाली होती. मुलं एकमेकांचं उतरवतात हे काय तिला नवीन होतं?

त्या मुलांपैकी नंदकिशोरला तिनं बोलावून घेतलं. जराही न ओशाळता तो समोर उभा राहिला.

“कोणाचं बघून लिहिलंस?”

“सगळ्यांनी सगळ्यांचं, मॅडम.” मग थोडा मऊ होऊन, “खरं सांगू? परीक्षेला गाईड पुरतं. हे वाचतं कोण?”

“मी वाचते ना रे.”

तो कसनुसं हसला आणि गेला. आणि वसुधाला आठ वर्षांपूर्वीचं वेसावं, वर्सोव्याचा तो कोळीवाडा आठवला — अंगणात बांबूंवर वाळणारे बोंबील, ओट्यावर ती आणि कमळ, बी.ए.च्या वर्गातली एकुलती एक कोळ्यांची मुलगी. आणि बाजारातून आलेली अंजनाबाई, कमळची आई, अक्षरओळख नसलेली, पाय धुऊन लेकीसमोर बसायची. “काय लिवलंस, वाच.” कमळ आपलं ट्युटोरिअल वाचायची. मध्येच आई तोडायची, “आसं नाय गो. सांज झाली का सुरमय मिळेल त्या भावाला सोडायची. ती उद्यापर्यंत थांबते का?” कमळ खोडून तेच लिहायची. वसुधा चहा प्यायची, वही अंधेरीला घरी न्यायची आणि सुबक अक्षरात जसंच्या तसं उतरवायची... काय सुखाचे दिवस होते, असंच ती आजवर म्हणत आली होती.

अर्थशास्त्राच्या सरांनी तो सुरमईचा परिच्छेद वर्गात वाचला, वसुधाच्या वहीतून. “याला म्हणतात स्वतःचा विचार.” मग तोच परिच्छेद असलेली कमळची वही वर धरून, “आणि तुम्ही निदान उदाहरण तरी आपलं द्या.” वर्ग हसला. वसुधा उठणारच होती... उठणारच होती, असं तिनं इतकी वर्षं स्वतःला सांगितलं होतं. बाकाची कड तिनं घट्ट धरली होती, एवढंच खरं.

बाहेर आल्यावर कमळ म्हणाली, “आईला सांगते गं, तिची सुरमई वर्गात वाचली म्हणून. खूश होईल.” पुढच्या ट्युटोरिअलच्या वेळी तिनं आपणहून वही पुढं केली.

का दिली असेल? राग आला नव्हता? की लिहून झालं, आईला वाचून दाखवलं, आईनं दोनदा तोडलं आणि एकदा मान हलवली, की कमळचं काम तिथंच पुरं होत असे — सर, मार्क, अगदी वसुधासुद्धा, हे सगळं त्यानंतरचं, उरलंसुरलं?

कमळची माफी मागायला हवी होती, हे वाक्य तिनं कित्येकदा मनात घोळवलं होतं. आज ते जुळेना. त्याच्याखाली काहीतरी दुसरंच होतं, अधिक जुनं. आणि त्याचं नाव कळताच ती या एवढ्या उजेडात, माणसांत बसलेली असूनही दचकली... तिला कमळचा हेवा वाटत होता. तेव्हाही वाटला होता.