मान्य न झालेला युक्तिवाद

कसरीनं पाडलेलं भोक परिच्छेदाच्या आकड्याला खेटून होतं — जरा उजवीकडे सरकलं असतं, तर तिचं वाक्यच गेलं असतं... सरांनी पान बोटानं सपाट केलं. मधली सुट्टी होती. वकिलांच्या ग्रंथालयात टेबलाभोवती सगळे कालच्या निकालावर तुटून पडले होते, आणि ते मात्र कालच्या निकालानं मोडीत काढलेला जुना निकाल उघडून बसले होते.

भाडेकरू वारला, त्याच्या घरात वर्षानुवर्षं राहिलेली, पण नात्यागोत्याची नसलेली म्हातारी 'कुटुंब' धरून घरात राहू द्यायची का? जुन्या निकालानं नाही म्हटलं होतं. काल न्यायाधीशांच्या मोठ्या पीठानं हो म्हटलं. त्या म्हातारीची तेव्हाची वकील म्हणजे त्यांची बायको. केस हरली होती. आता तीही नाही.

"म्हणजे उद्या माझा भाडेकरू अख्खी गल्ली घेऊन येईल, सगळे घरचेच म्हणून!" ज्यांना सगळे तारीखवाले म्हणत, ते वकील म्हणाले.

"तुम्हाला काय, तुम्ही पुढची तारीख मागाल," सरांची ज्युनिअर म्हणाली. हशा पिकला. "सर, तुम्हीच नीट समजावून सांगा ना."

ते नेहमीसारखं सावकाश सांगू लागले. निकाल शेंगेसारखा सोलायचा. घडलेली हकिकत हे टरफल, नियम हा दाणा. आणि हरलेल्याचं म्हणणंही न्यायाधीश लिहून ठेवतात, ते का नाकारलं हे कळावं म्हणून... तोंड बोलत होतं, मन तेव्हाच्या घरातल्या आरशासमोर जाऊन पोचलं होतं. केसांच्या पिना दातांत धरून ती तेच वाक्य घोकत होती, आणि आतल्या खोलीतून मी म्हणालो होतो, "अगं, वाट पाहणं हा काही पुरावा नसतो." "मग काय असतो?" तिनं विचारलं होतं... निकालाच्या दिवशी हसतच घरी आली. "'हृद्य विचार' म्हणाले हो न्यायाधीश! हरवलं ते हरवलं, वर पाठ थोपटली."

इतकी वर्षं कुणी ना कुणी हे पान कोर्टात वाचायचं — दुसऱ्या कुणा म्हातारीला घराबाहेर काढायला का होईना, पण वाचायचं — आणि मी मागच्या बाकावर मान खाली घालून ऐकायचो, ऐकायला मिळालं म्हणून सुखावायचो, सुखावलो म्हणून लाजायचो. आता ती जिंकली. कालच्या लांबलचक निकालात तिचं नाव कुठेच नाही, आणि हे पान यापुढे कोणी उघडणार नाही.

"सर, मग इथे समासात 'रद्द' लिहू ना?" ज्युनिअरनं पेन्सिल उचलली. चुकून कोणी मोडलेला निकाल दाखवू नये, म्हणून इथे तशी रीतच होती.

"लिही... थांब. आधी अकरावा परिच्छेद वाच."

"मेलेला निकाल सर, आता कशाला?"

"वाच गं."

तिनं भराभर सुरुवात केली. "विद्वान वकिलांचे म्हणणे असे की, ज्याच्या परतण्याची घरात... वाट पाहिली जाते..." ती थांबली. मग हळू वाचू लागली. "...तो घरचा समजावा. विचार हृद्य आहे. मान्य करता येत नाही." तिनं मान वर केली. "सर, हे तर कालच्यापेक्षा छान म्हटलंय! कोण होते हे वकील?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून किती वर्षं...

"माझी बायको."

ज्युनिअरनं पेन्सिल कागदावरून उचलली. "मग... नको लिहायला?"

"लिहायचंच. नाहीतर हेच पान दाखवून उद्या कोणीतरी एखादीचं सामान रस्त्यावर आणेल."

तिनं लिहिलं, लहान अक्षरात, वाक्याला धक्का न लावता. त्यांनी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं, आणि ते या मुलीच्या आवाजात आलं — स्वच्छ, संथ. दुसरा, आरशासमोरचा आवाज त्यांनी शोधला... पुन्हा शोधला. त्यांना भीती वाटली. पण ती नुसती भीती नव्हती.

"आता परत एकदा वाच," ते म्हणाले. कोणाचा आवाज ऐकायचा आहे, हे त्या क्षणी त्यांना सांगता आलं नसतं.