ठकीचं पीठ मळणं

सुधाकरचा मांजरावर राग नव्हता, सोफ्यावर जीव होता. एव्हरशाईन सिटीतल्या नव्या घरात त्यानं हौसेनं मखमली सोफा आणला आणि ठकीनं पुढच्या दोन्ही पंजांनी त्याच्यावर पीठ मळल्यासारखं दाबून दाबून दोरे उपसले. डोळे मिटून, घुरघुरत, अगदी मन लावून. शेवटी रविवारी त्यानं तिला पोत्यात घातलं आणि स्कूटरवरून गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या गाळ्यांपाशी सोडून आला. वर म्हणाला, "तिथं उंदीर भरपूर आहेत." जशी काही बढतीच देऊन आला होता.

रेवा दारात उभी राहून सगळं बघत होती. चार वर्षांची ही पोर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, वसुंधरानं, गेल्याच महिन्यात अनाथाश्रमातून आणली होती. वसुंधराला ती अजून तिथल्यासारखीच 'बाई' म्हणायची.

"ठकीनं काय केलं?" तिनं विचारलं.

"सोफा फाडला," सुधाकर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तेव्हापासून रेवा सोफ्यावर बसेना. जेवताना शीत सांडलं तर घाबरून झटकन तोंडात टाकायची. काय बिघडलंय ते वसुंधराला उमजत नव्हतं.

बुधवारी सुधाकर कामावर गेल्यावर वसुंधरा अंथरूण काढायला गेली, तर गादी ओली. रेवा चपला घालून दाराशी उभी होती. हातात तिच्या दोन फ्रॉकची पिशवी.

"बाई, गादी खराब झाली. मला पोत्यात नको घालू. मी चालत येते."

वसुंधराला सुधाकरचा, स्वतःचा, त्या मेल्या सोफ्याचा, सगळ्यांचाच संताप आला. तिनं पोरीला उचललं आणि रिक्षा केली.

"आपण ठकीला आणायला चाललोय हं."

रेवानं मुकाट्यानं मान हलवली. अनाथाश्रमातून निघतानाही तिनं अशीच हलवली होती. तिचा विश्वास बसलेला नाही, हे वसुंधराला दिसत होतं. ठकी सापडली नाही, तर ही आपला एक शब्द कधी खरा मानणार नाही, या भीतीनं तिचा जीव टांगणीला लागला. गाळे दिसू लागले तशी रेवानं पिशवी छातीशी धरली.

पहिल्या गाळ्यात नाही, दुसऱ्यात नाही. उशा-गाद्या बनवणाऱ्या क्लेमेंटनं मात्र विचारायच्या आत बोट दाखवलं. "ही का तुमची? रविवारपासून फोमच्या तुकड्यांवर पीठ मळत बसलीय. हटतच नाही."

"ती असं का करते?" रेवानं विचारलं.

"पिल्लं आईच्या पोटावर असंच दाबतात, मग दूध येतं," क्लेमेंट म्हणाला. "मोठी झाली तरी मऊ काही मिळालं की दाबत राहतात."

"तिची आई कुठंय?"

"माहीत नाही गं."

परतताना रिक्षात ठकी वसुंधराच्या मांडीवर चढली आणि साडीवरच मळायला लागली. नखं चांगलीच रुतली.

"बाई, टोचतं?"

"टोचतं तर."

रेवाचा चेहरा उतरला. "मग परत सोडणार?"

"नाही. टोचलं तरी नाही. गादी भिजली तरी नाही. कुणालाच नाही."

रेवानं पिशवी पायाशी ठेवली, ठकीला जरा सरकवलं, आणि वसुंधराच्या पोटावर दोन्ही मुठी टेकवून दाबून पाहिलं. आधी हलकेच, मग जोरात.