दाराआडून शिकलेली फोडणी

मामा दोन विमानांच्या मधल्या चार तासांत जेवायला यायचा होता, तब्बल अठरा वर्षांनी, आणि आईचा उजवा हात नेमका प्लास्टरमध्ये. बाहेरून काहीतरी मागवू, असं लेकीनं नुसतं सुचवलं, तर आईनं असं काही पाहिलं, जणू भावाला उपाशीच धाडायला निघाली होती पोरगी.

"त्याला आमच्या आईची डाळ हवीय. ती गेली, म्हणजे आता माझ्या हातची."

"तुझा हात गळ्यात आहे."

"म्हणून तर तू कर."

लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. तिनं कागद-पेन घेतलं. "तेल किती? लसूण किती मिनिटं?"

"मला काय ठाऊक! ते हाताला ठाऊक असतं." आणि तो हात झोळीत निवांत पडलेला.

डाळ बिचारी निमूट शिजली. घोडं अडलं फोडणीपाशी. "थांब. अजून थांब. आता! अगं, आता म्हणजे मघाशीच!" लसणाचा कोळसा झाला. आईनं कपाळाला हात लावला, डावा. तेवढ्यात मामाचा फोन: टॅक्सीत बसलोय, वीस मिनिटांत पोचतो.

लेक स्वयंपाकघरात कच्ची राहिली, त्यालाही कारण होतं. इथे परदेशात, पहिलीत असताना तिच्या कोटाला फोडणीचा वास येतो म्हणून वर्गातल्या मुली बाक बदलून बसल्या होत्या. त्या दिवसापासून फोडणी करताना आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि खालच्या फटीत जुना टॉवेल कोंबायची. लेक बाहेर, दाराला पाठ टेकून पाढे लिहायची. आईला मी आत नकोच असते, असं तिला कितीतरी वर्षं वाटत आलं होतं. आईनं तो सगळा वास एकटीनं अंगावर घेतला, हे पुष्कळ उशिरा कळलं.

"आई, दोन मिनिटं गप्प बसशील?"

"बसते बाई."

लेकीनं नवं तेल तापवलं आणि डोळे मिटले. मोहरी दणक्यात तडतडली, मग विरळ झाली. इथे लसूण पडायचा. तिनं टाकला. फिस्स! तो आवाज हळूहळू बसत गेला, तेल जवळजवळ मुकं झालं, आणि तिनं पळी डाळीत ओतली. चर्रर्र!

आई खुर्चीतून उठलीच. "तुला कुणी शिकवलं हे?"

"तूच की. रोज दाराआडून."

"मी तर टॉवेल कोंबायचे गं!"

"वास अडायचा. आवाज कुठे अडत होता?"

आईनं डावा हात लेकीच्या पाठीवरून दोनदा फिरवला, एवढंच.

मामा आला. टक्कल पडलेलं, हातात भलीमोठी बॅग. "ताई, आधी वाढ. गळाभेटी नंतर." पहिला घास घेतला आणि थांबला. मायलेकींचा जीव टांगणीला.

"मीठ कमी आहे का रे?"

त्यानं मान हलवली. वाटी उचलून तोंडालाच लावली, पार तळ दिसेपर्यंत. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "आईसमोर असं प्यालो असतो, तर पाठीत धपाटा बसला असता."

"मी घालू का?"

"आधी डाळ घाल."

लेक उठणार, तर आईनं तिला खाली बसवलं. भावाला ती स्वतः वाढणार होती. डाव्या हातातला डाव कलला, निम्मी डाळ टेबलावर सांडली. लेकीनं वाटी उचलून डावाखाली धरली, घट्ट.

"सावकाश, आई," ती म्हणाली. "अजून भरपूर आहे."