रविवारच्या पत्रकामागची कविता

मित्रांनो, ग्रंथालयाच्या या काचेच्या कपाटात बसलेली मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. माझी मूठ झिजली आहे, रूळ कडक झाला आहे, आणि पोटात शाईचा एक वाळलेला डाग अजून आहे. तो कुणी पुसला नाही, हे बरं झालं.

मी वाढले ती अलाबामातल्या एका लहान गावात, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये. दर शनिवारी चर्चची कचेरी सांभाळणाऱ्या ओझेलामावशी माझ्यावर टाइप केलेला मेणकागद चढवायच्या. मूठ फिरवली की अक्षरांतून शाई झिरपायची आणि रविवारचं पत्रक बाहेर पडायचं. पुढच्या बाजूला प्रार्थनेचा क्रम, आजाऱ्यांची नावं आणि तळलेल्या माशांच्या जेवणाची वेळ. मागच्या बाजूला वाचन: एक ओळ पाद्रीबाबांची, पुढची सगळ्यांची.

मग माझ्या आयुष्यात व्हर्डेलबाई आल्या. समोरच्या आमच्याच लोकांच्या कॉलेजात त्या साहित्य शिकवायच्या. पण तिथे शिकवलं जाई ते सगळं समुद्रापलीकडच्या इंग्रजांचं. बाईंना आपल्या लोकांनी लिहिलेलं शिकवायचं होतं, आणि त्याची पुस्तकं तर केव्हाच छापायची थांबली होती. म्हणून त्या जुनी वर्तमानपत्रं शोधत घरोघर हिंडायच्या. एकदा ओझेलामावशींच्या ट्रंकेच्या तळाशी घातलेला कागद त्यांनी सहज उलटून पाहिला. त्यावर एका धोबिणीची साठ वर्षांपूर्वीची कविता होती. कवयित्रीचं नाव लुव्हीनिया टार्प्ले.

त्या दिवसापासून असं सापडलेलं छापायला दुपारी बाई माझ्याकडे येऊ लागल्या. सोबत त्यांची सहा महिन्यांची ड्रूसिला. कागदाच्या रिकाम्या खोक्यात दुलई घालून तिला निजवायचं आणि मूठ फिरवायची. माझ्या खडखडाटाने माणसं कान झाकतात. ती पोर मात्र मी थांबले की जागी व्हायची. म्हणून बाई कधीकधी नुसतीच मूठ फिरवत बसत. मला तेही काम आवडे.

कॉलेजचे डीन पेटवेसाहेब मात्र बधत नव्हते. चर्चच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "बाई, हे खरंच साहित्य असतं, तर आज त्याची पुस्तकं नसती का?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या लग्नात फोटो काढला नव्हता म्हणे. म्हणून मिसेस पेटवे घरात नाहीत की काय?"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी अट घातलीच. सोमवारपर्यंत बारा विद्यार्थ्यांची नावं आली नाहीत, तर बाईंचा हा नवा वर्ग बंद. शुक्रवारी बाईंच्या यादीत पाच नावं होती.

शनिवारी ओझेलामावशी घाईत होत्या. माझ्या उजवीकडे कागदांचे दोन गठ्ठे होते. एकाच्या मागे वाचन छापून तयार होतं. दुसऱ्यावर, वर्गाला नावं मिळावीत म्हणून कॉलेजभर वाटायला बाईंनी छापलेली टार्प्लेबाईंची कविता. मावशींनी चुकीचा गठ्ठा उचलला. मला कळलं, पण मशीनला तोंड कुठे असतं? मी कवितेच्या पाठीवर प्रार्थनेचा क्रम छापत फिरत राहिले.

रविवारी कचेरीचं दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं दिसत-ऐकू येत होतं. पाद्रीबाबांनी सवयीप्रमाणे पत्रक उलटलं, सगळ्यांना उभं केलं आणि पहिली ओळ वाचली: "आठवडाभर धुतले मी परक्यांचे शर्ट."

तीनशे आवाजांनी पुढची ओळ उचलली: "रविवारी दोरीवर माझाच आवाज वाळत घातला."

तिसऱ्या बाकावर पेटवेसाहेबही खड्या आवाजात वाचत होते. चूक ध्यानात येईपर्यंत कविता अर्धी झाली होती. पाद्रीबाबांनी पत्रक उलटून पुढची बाजू पाहिली. ओझेलामावशींनी हातपंख्याने तोंड झाकलं. तेवढ्यात मागून कुणीतरी खोल आवाजात "आमेन" म्हटलं, आणि पाद्रीबाबांनी उरलेली कविता शेवटपर्यंत नेली.

नंतर माशांच्या जेवणाच्या रांगेत एकच विषय. ही बाई कुठली, तिचं आणखी काही आहे का, आम्हाला शाळेत का नाही शिकवलं? व्हर्डेलबाईंनी पत्रकाच्या कडेलाच यादी सुरू केली. पहिलं नाव ओझेलामावशींनी घातलं.

"मावशी, तुम्ही कॉलेजच्या विद्यार्थिनी नाही," पेटवेसाहेब म्हणाले.

"तुमच्या वसतिगृहाच्या चादरी मी तीस वर्षं धुतल्यात, साहेब. आता वर्गात बसते. उठवून दाखवा."

साहेबांनी उठवलं नाही. मावशींना न धरताही सोमवारी विद्यार्थ्यांची एकोणीस नावं होती.

पुढे बाईंनी तो वर्ग एकतीस वर्षं चालवला. दूरदूरच्या कॉलेजांतून पत्रं येत, आणि मी छापलेली पानं तिकडे जात. शेवटी त्या पानांचं जाडजूड पुस्तक निघालं. मग नव्या यंत्रांचे दिवस आले. मी तळघरात गेले, नाताळच्या सजावटीखाली. त्या वर्षांबद्दल तक्रार नाही. पुस्तक तर वर उजेडात होतं ना.

मला बाहेर काढलं ते ड्रूसिलाने. ती आता आईच्याच वर्गात शिकवते. कपाटात ठेवण्याआधी तिने माझी मूठ दोनदा फिरवली, आणि खडखडाट ऐकून खुर्चीवर बसून राहिली.

माझ्या शेजारी त्या रविवारचं पत्रक मांडलं आहे, माशांच्या जेवणाची बाजू वर करून. मित्रांनो, जुना कागद टाकण्याआधी एकदा उलटून बघा. आणि इथे आलात, तर हे पत्रक उलटायला कपाटाची किल्ली मागा. ड्रूसिला देते.