हीटरच्या पंख्याची चिरचिर

गॅरेजात मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत आणि तो ते नाकारत नसे. बिघाड शोधायचा म्हणजे लांब पेचकसाचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. त्या निकालावर अपील नव्हतं. वीस वर्षांत तो दोनदाच चुकला होता, आणि ते दोन्ही प्रसंग सोयीस्करपणे फक्त त्यालाच आठवत होते.

अलीकडे मात्र बायकोचा आवाज चढला होता. साधं "जेवायला चला"सुद्धा ती भांडल्यासारखं म्हणायची. उतारवयात माणसं कजाग होतात, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. माणसं म्हणजे बायको. तो स्वतः त्यात नव्हता.

बुधवारी पिल्लंवाली बाई पिकअप घेऊन आली. कालपरवा अंड्यातून निघालेली कोंबडीची पिल्लं ती खोक्यांतून डोंगरापलीकडे पोचवायची. थंडीत खोकी मागच्या हौद्यात नाही, पुढे हीटरसमोर, तिच्या शेजारच्या सीटवर.

"मिस्त्री, हीटरचा पंखा फक्त चारवर चालतो. एक, दोन, तीन गप्प. चारवर पिल्लं भाजतात, बंद केला तर गारठतात."

"तीन मेले, एक जिवंत. म्हणजे रेझिस्टर गेला," मिस्त्री गाडीला हात न लावताच म्हणाला.

तसंच निघालं. डॅशबोर्डचा खण उतरवून त्यानं पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा, काळा पडलेला रेझिस्टर काढला, नवा बसवला. चारही वेग सुरू झाले. पण रेझिस्टर आपणहून जळत नाही. मोटर जड झाली की जास्त करंट ओढते आणि तो बिचारा जळतो. थोरल्यानं खा खा खावं आणि धाकट्याचं पोट बिघडावं, तसं. हा धडा त्यानंच गॅरेजात आपल्या हाताखाली काम करणाऱ्या चाळिशीच्या मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला, शंभरदा दिला होता. म्हणून त्यानं मोटरला पेचकस लावला आणि डोळे मिटले.

आत खोल विहिरीसारखं शांत होतं.

"लोण्यासारखी फिरतेय," तो म्हणाला.

"बारीक चिरचिर येतेय ना हो?" बाईनं विचारलं.

त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्यानं मेहुण्याकडे पाहिलं; मेहुणा हात पुसत खाली बघत होता. 'तुला येतेय का रे?' एवढंच विचारायचं होतं. पण कानसेनानं मेहुण्याला विचारायचं?

"ताई, पिल्लांची चिवचिव तुमच्या कानात बसलीय. जा बिनघोर."

ती हसली आणि गेली.

शुक्रवारी ती परत आली ती आरडाओरडा न करता. तो केला असता तर बरं झालं असतं. तिनं एक खोकं कामाच्या टेबलावर ठेवलं.

"ऐन चढावर पंखा बंद पडला. चारवरसुद्धा चालेना. शंभरांतली एवढी राहिली."

तिनं झाकण काढलं. कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेली नऊ पिल्लं होती. माना वर करून नऊही जणांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

मिस्त्री वाकला. आणखी वाकला. कान पार खोक्यात घातला.

काहीच नाही.

"ओरडतायत का ही?" त्यानं हळूच विचारलं.

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "मघापासून डोकं उठवलंय त्यांनी."

मोटर मेहुण्यानंच काढली. बेअरिंग पार जाम झालं होतं.

"दाजी, बुधवारीच किंचाळत होती ही."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कान लावला होतात. म्हटलं, दाजींना आलं नाही म्हणजे मलाच भास झाला असेल."

मिस्त्रीनं नवी मोटर बसवली, पंखा सुरू केला. बाई नऊ पिल्लांचं खोकं मांडीवर घेऊन आत बसली होती. सवयीनं त्याचा पेचकस कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यानं तो उलटा करून मेहुण्यापुढे मूठ धरली.

"तू ऐक."

"मी?"

"ऐक, आणि मला सांग."

मेहुण्यानं डोळे मिटले. जरा वेळानं त्याचे ओठ हलले. मिस्त्री त्या ओठांकडे बघत राहिला.

"मोठ्यानं," तो म्हणाला. "घरी तुझी बहीण बोलते तसं."